शेवटच्या डब्याचा दिवा

भुसावळला माझ्या नणंदेला, इंदुमतीला, पहिला नातू झाला आणि त्याचं नाव प्रबुद्ध ठेवलं, ते वर्ष दोन हजार चोवीस. नामकरणाला आम्ही गेलो नाही. आदल्या पावसाळ्यात ह्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. डावा पाय ओढत चालायचे. डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं होतं. इंदुमतीने फोनवर बाळाचं रडणं ऐकवलं. हे बराच वेळ फोन कानाला लावून बसले आणि मग म्हणाले, "इंदू, तुझ्या शेजारच्या त्या दोन खोल्या अजून विकायच्या आहेत का गं?"

ती म्हणाली, आहेत. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे ओटा. ओट्यावर बसलं की विहार दिसतो. आठ लाख म्हणतात.

त्या दिवसापासून ह्यांनी जयपूरमधून मन काढून घेतलं. रेल्वेच्या नोकरीने आम्हाला इकडे आणलं होतं. पोरं इथे वाढली, मराठी तोडकंमोडकं बोलायला लागली, आणि आम्ही क्वार्टर सोडून जयपूरच्याच सोडाला भागात भाड्याने राहायला लागलो तरी हे म्हणत राहिले की आपण इथे ड्यूटीवर आहोत. आता म्हणायला लागले, "मला तिथे जाऊन मरायचं आहे, शालन. इथे मेलो तर खांदा द्यायलासुद्धा मराठी माणूस शोधावा लागेल."

मी म्हणाले, "मरायची एवढी घाई आहे तर खोल्यांवर आठ लाख कशाला घालता?"

"मरायच्या आधी ओट्यावर बसायचं आहे ना."

साठवलेल्यातून लाखभर इसार पाठवला. उरलेले सात डिसेंबरअखेर द्यायचे ठरले. ते यायचे कुठून, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. घरासमोर ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या घरगाडीतून.

हे रिटायर झाले तेव्हा सगळ्यांनी सांगितलं होतं, ग्रॅच्युइटीत एखादं घर घ्या. ह्यांनी एक जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेतली. विश्वकर्मा इंडस्ट्रियल एरियात एका बॉडीवाल्याकडे तिच्यातल्या सीटा काढल्या आणि चार महिने रोज तिथे जाऊन उभं राहून घर बांधून घेतलं. भंगारात निघालेला स्लीपर डब्याचा एक बर्थ साखळीसकट मिळवला, तो झोपायला. स्टीलचं बेसिन, वर पाण्याची टाकी, गॅस ठेवायला कप्पा, भिंतीला स्क्रूने पक्की केलेली बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. आरटीओकडे सगळं रीतसर दाखवून कागद करून घेतले. मला म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या. आता आपली सोडायची. सांची, बोधगया, कुशीनगर."

सांचीपर्यंत गेलो. एकदा. येताना मी गाडीतल्या गॅसच्या छोट्या ओट्यावर भाकऱ्या केल्या, हे बर्थवर पाय सोडून बसले आणि म्हणाले की एवढं सुख स्टेशनमास्तरालाही नसेल. पुढल्या वर्षी बोधगया ठरलं होतं. त्याआधी झटका आला.

मुलाला, संकल्पला, ती गाडी कधीच आवडली नाही. सोडाल्यात त्याचं एसी दुरुस्तीचं दुकान. दुकान घालताना त्याने बापाकडे पैसे मागितले होते, ते गाडीत गेले म्हणून त्याने बँकेचं कर्ज काढलं. हे बोलणं घरात उघड कधी झालं नाही, पण गाडीवरची ताडपत्री तो कधी नीट बांधायचा नाही.

गाडी विकायची म्हटल्यावर मात्र तोच पुढे झाला. फोटो काढले, मोबाइलवर जाहिरात टाकली. सात लाख लिहिले. दुसऱ्याच दिवशी ह्यांच्या फोनवर कोणीतरी बोलायला लागला. "जय हिंद अंकलजी, मैं फौज से बोल रहा हूँ." त्याची बदली झाली होती म्हणे, गाडी बघायलाही वेळ नाही, फोटोवरूनच पसंत. मुलाच्या मोबाइलवर चौकोनी ठिपक्यांचं एक चित्र पाठवतो, ते स्कॅन करा, पिन टाका, लगेच पैसे जमा होतील.

हे म्हणाले, "पैसे मला मिळणार, मग पिन माझा कशाला?"

"अंकलजी, सिस्टिम है."

"भिकाऱ्याला भीक घालताना त्याच्याच खिशात हात घालायची सिस्टिम मी कधी पाहिली नाही," हे हिंदीत म्हणाले आणि फोन ठेवला. सूनबाई मयूरी हसून हसून खाली बसली. हेही खुश झाले. झटक्यानंतर पहिल्यांदाच कोणावर तरी त्यांची सरशी झाली होती.

त्यांनी नियमच करून टाकला. हे जयपूरजवळच्या रींगसला पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, होते तेव्हा मीटरगेजची एकेरी लाइन होती. ड्रायव्हरच्या हातात टोकन पडल्याशिवाय गाडी स्टेशन सोडत नसे. वेताची मोठी कडी, तिला चामड्याची पिशवी, पिशवीत लोखंडी गोळा. तो गोळा म्हणजे पुढची लाइन मोकळी असल्याची खात्री. धावत्या इंजिनासमोर उभं राहून हे ती कडी ड्रायव्हरच्या हातात अडकवायचे. "टोकन हातात, मग गाडी," हे म्हणाले. "पैसे खात्यात दिसले, मग चावी. चेक नको, ड्राफ्ट नको, अर्धे आज अर्धे उद्या नको. आणि नोटाही नकोत, खोट्या निघाल्या तर कोणाकडे जाऊ?"

मग जनार्दन शेळके आले. हे खरंच फौजी होते. सुभेदार, बीडकडचे, जयपूरच्या छावणीत शेवटच्या काही महिन्यांची नोकरी उरलेली. बायकोला, कीर्तीला, घेऊन आले. आमच्या दारात उभं राहून म्हणाले, "काका, गाडी बघायला आलो. मराठी माणसाची आहे म्हणून कळलं."

ह्यांनी खुर्चीतून न उठता विचारलं, "फौजी?"

"व्हय."

"कार्ड दाखवा."

सुभेदारांनी कार्ड काढलं. हे चष्मा लावून, कार्ड उजेडात धरून, आधी फोटोकडे, मग त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चहा ठेवायला आत पळाले. आतून ऐकते तर हे म्हणत होते, "मिशी फोटोत जाड आहे."

"काका, फोटो पंधरा वर्सांपूर्वीचा हाय. मिशीनं बी नोकरी केली."

कीर्ती माझ्या मागे स्वयंपाकघरात आली. "काकू, आमच्यात पण असेच होते सासरे," ती म्हणाली. "मला बघायला आले तेव्हा माझ्या बापाला शाळेचा दाखला मागितला. नाव माझंच आहे का म्हणून."

सुभेदार गाडीत चढले. बर्थची साखळी त्यांनी दोनदा खालीवर करून पाहिली. कीर्ती बेसिनचा नळ सोडून उगाच हात धूत राहिली. रिटायर झाल्यावर दोघांना सगळा देश बघायचा होता. "ज्या ज्या ठिकाणी हे पोस्टिंगला होते आणि मला नेलं नाही, ती सगळी ठिकाणं," ती म्हणाली. चक्कर मारायला गेले तेव्हा ह्यांनी संकल्पला शेजारच्या सीटवर बसवलं आणि सुभेदारांची मोटारसायकल, हेल्मेट आणि बायको आमच्याकडे ठेवून घेतली. सुभेदार म्हणाले, "बायको परत नाय केली तरी चालंल, गाडी पसंत हाय." कीर्तीने त्यांच्याकडे बघून असे काही डोळे वटारले की हेसुद्धा हसले.

किंमत त्यांनी फारशी पाडली नाही. साडेसहा लाख एकरकमी, बँकेतून बँकेत, आरटीजीएसने. वरचे पन्नास हजार आम्ही साठवलेल्यातून घालणार होतो. तसबिरीपाशी थांबून त्यांनी विचारलं, "काका, हे काढून घेता का?"

हे म्हणाले, "तुम्ही ठेवणार असाल तर राहू द्या."

"ठेवतो," ते म्हणाले, आणि तसबिरीला हात जोडले.

आता पैसे कोणाच्या खात्यात घ्यायचे हा प्रश्न राहिला. मी म्हणाले, ह्यांच्याच. गाडी ह्यांच्या नावावर, खोल्या ह्यांच्या नावावर होणार, पैसे दुसरीकडे कशाला? पण ह्यांचं पेन्शनचं खातं वेगळ्या बँकेत, फोन बटणांचा, बँकेत दिलेला जुना नंबर कधीच बंद झालेला. जमा झाल्याचा मेसेज कुठे येणार? पासबुक छापायला जायचं म्हणजे रिक्षा, जिना, रांग.

संकल्प म्हणाला, "बाबा, मतलब, तुमच्याच नियमाने बघा ना. चावी द्यायच्या आधी पैसे दिसायला पाहिजेत. माझ्या फोनवर सेकंदात दिसतील. मग मी तुमच्याकडे टाकतो."

ह्यांना ते पटलं. त्यांच्याच नियमात बसत होतं. मी पुन्हा एकदा म्हणाले, तर मला म्हणाले, "शालन, समोरचा माणूस तिऱ्हाईत आहे. तो बँकेतून बाहेर पडला आणि पैसे आलेच नाहीत तर मी त्याला छावणीत शोधत फिरू का?"

मी लिहावाचायला पन्नाशीनंतर शिकले. अजूनही वाचताना ओठ हलतात. अशा बाईने पासबुकाच्या बाजूने किती भांडायचं? मी गप्प बसले.

ऑक्टोबरच्या शेवटी दिवाळीच्या आधी आम्ही सगळे सुभेदारांच्या बँकेत गेलो, त्याच घरगाडीतून. संकल्पने चालवली. हे बर्थवर बसले होते. बँकेत एका लोखंडी खुर्चीवर बसून त्यांनी चावी उजव्या मुठीत धरली. सुभेदारांनी फॉर्म भरला. खाते क्रमांक ह्यांनी संकल्पला मोठ्याने वाचायला लावला आणि सुभेदारांना एकेक आकडा बोटाने दाखवायला लावला. काउंटरमागची मुलगी वैतागून म्हणाली, "अंकलजी, मैं भी पढ़ सकती हूँ."

"बेटा, तू वाच. मी ऐकतो," हे म्हणाले.

तिने पैसे पाठवले. आम्ही बसलो. सुभेदार उभेच होते, कवायतीला असल्यासारखे. मग संकल्पचा फोन वाजला. ह्यांनी फोन मागून घेतला. इंग्रजी कळत नव्हतं, आकडे कळत होते. सहा, पाच, पुढे शून्यं. शून्यं त्यांनी मोजली. तरी समाधान नाही, म्हणून काउंटरवर जाऊन विचारलं, गेले का? गेले, ती म्हणाली. परत घेता येतात का? नाही येत.

मग गाडी कोणत्या दिवशी, किती वाजता ताब्यात दिली, याच्या दोन चिठ्ठ्या लिहिल्या, दोघांनी सह्या केल्या. बदलीच्या फॉर्मवर सह्या झाल्या. आणि ह्यांनी मूठ उघडली.

"टोकन मिळालं," हे म्हणाले. "जा. लाइन क्लियर."

सुभेदारांनी चावी घेतली आणि टाच जुळवून ह्यांना सॅल्यूट ठोकला. ह्यांचा उजवा हात वर गेला, डावा लटकतच राहिला. गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत हे बँकेच्या पायरीवर उभे होते. मीही. तेवढ्यात संकल्पचा फोन पुन्हा वाजला. त्याने बघितला आणि खिशात घातला. मी विचारलं, "कोण?"

"कंपनीचा आहे, आई. असेच येतात."

परत ई-रिक्षाने आलो. वाटेत ह्यांनी कांद्याच्या कचोऱ्या घेतल्या, डॉक्टरांनी बंद केलेल्या. "आज काही बोलू नकोस," मला म्हणाले. घरी येऊन इंदुमतीला फोन लावला. "इंदू, ओटा झाडून ठेव."

दिवाळी झाली. संकल्पला पैसे टाकायला सांगितलं की म्हणायचा, आज सर्व्हर बंद आहे. मग म्हणायचा, दिवसाला एवढेच जातात. मग म्हणाला, चेकबुक मागवलंय. तिकडे इंदुमतीचा फोन आला, "दादा, ते विचारतायत. दुसरं गिऱ्हाईक आलंय त्यांच्याकडे." ह्यांनी काठी घेतली, कपडे केले आणि संकल्पच्या दुकानात जाऊन त्याच्यासमोर उभे राहिले.

"चल. तुझ्या बँकेत. मी आणि तुझी आई येतो."

"बाबा, मी जाऊन येतो ना."

"चल."

बँकेतल्या साहेबाने संकल्पला बघताच ओळखलं. त्यावरूनच मला काय ते कळायला हवं होतं. हे म्हणाले, मुलाच्या खात्यातले साडेसहा लाख माझ्या खात्यात पाठवायचे आहेत. साहेबाने संकल्पकडे पाहिलं. संकल्प खाली बघत होता. साहेब बोलायला वाईट नव्हता. त्याने सांगितलं की दुकानाच्या कर्जाचे हप्ते वर्षभर थकले होते, बँकेने पूर्ण कर्ज परत मागितलं होतं, नोटिसा गेल्या होत्या, आणि खात्यात येणारा पैसा आधी कर्जात वळणार हेही कळवलं होतं. पैसे आले त्याच दिवशी वळले.

हे म्हणाले, "पण पैसे माझे होते."

"अंकलजी, खाता तो इनका है." मग माझं तोंड बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, मला म्हणाला, "आंटीजी, पैसा सेफ है. लोन में जमा हो गया."

सुरक्षित होते. एक रुपया इकडचा तिकडे झाला नव्हता.

घरी कोणी ओरडलं नाही. मयूरी तेवढी रडली. तिलाही नोटिसा माहीत नव्हत्या, त्या दुकानाच्या पत्त्यावर यायच्या. संकल्प दाराला टेकून उभा होता.

"मला वाटलं दोन दिवस मिळतील," तो म्हणाला. "दुसऱ्या खात्यात टाकणार होतो. मतलब, खरंच टाकणार होतो, आई."

ह्यांनी विचारलं, "बँकेच्या पायरीवर वाजला तो फोन कशाचा होता?"

त्याने पैसे कर्जात वळल्याचा मेसेज काढून पुढे धरला.

"गाडी तेव्हा वळतच होती. थांबवता आली असती."

"थांबवून काय केलं असतं? त्यांचे पैसे तर आले होते, बाबा! त्यांची काय चूक?"

ते खरंच होतं. ह्यांनाही ते खरं वाटलं असावं, कारण पुढे ते सुभेदारांबद्दल काही बोलले नाहीत. मग संकल्पच बोलला. कधीतरी बोलणारच होता. "दुकानासाठी तुमच्याकडे मागितले होते. तुम्ही गाडी घेतली. तेव्हा दिले असते तर कर्जच झालं नसतं."

"म्हणून आता घेतलेस."

"घेतले नाहीत. गेले."

"माझ्याकडून गेले ना? मग मला एकच आहे ते."

संकल्प दुकानावर निघून गेला. आम्हाला आलेल्या माणसाचं कार्ड तपासायला वेळ होता, त्याच्या मिशा तपासायला वेळ होता. ज्याला नऊ महिने पोटात वाढवला त्याचं खातं बघायचं सुचलं नाही.

हे पंख्याकडे बघत पडून होते. मग म्हणाले, "शालन, टोकन हे अर्धंच काम असतं. गाडी स्टेशनातून गेली की पॉइंट्समनने शेवटच्या डब्याकडे बघायचं. मागे लाल दिवा दिसला तर गाडी पूर्ण आली. नाही दिसला तर डबे मागे रुळावर तुटून पडलेत, आणि लाइन मोकळी नाही. इतकी वर्षं एकही दिवा चुकवला नाही मी."

मी त्यांच्या पायावर चादर घातली.

सात लाख कुठूनच जमले नाहीत. संकल्पने दोन-तीन ठिकाणी हात पसरले, मयूरीने दोन बांगड्या काढून दिल्या, हे घ्यायला तयार नव्हते आणि घेऊनही पुरलं नसतं. डिसेंबर संपला. जानेवारीत खोल्या दुसऱ्याने घेतल्या. इसार बुडाला. इंदुमतीने भांडून अर्धा परत मागितला, त्या लोकांनी कागद दाखवला. भावाला फोनवर सांगताना ती रडली. हे म्हणाले, "तुझ्या ओट्यावर बसलो तर चालेल ना?" ती म्हणाली, उद्या ये, दादा. पण ह्यांना तिच्या ओट्यावर पाहुणा म्हणून बसायचं नव्हतं. मी किती समजावलं. म्हणाले, "तिची सून बघते, जावई बघतो. चार दिवस बरं असतं."

जानेवारीतच सुभेदार आले. गाडीच्या बदलीत ह्यांची एक सही जुळली नव्हती, हात कापायचा म्हणून. झालान्याला आरटीओमध्ये समोर येऊन सही करायची होती. न्यायला ते घरगाडीच घेऊन आले. कीर्तीने आत पडदे लावले होते. तसबीर होती तिथेच होती, तिला हार होता. ह्यांना दोघांनी धरून चढवलं आणि बर्थवर बसवलं. हे साखळी धरून बसले.

वाटेत सुभेदारांनी विचारलं, "काका, भुसावळच्या खोल्या झाल्या का?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात हे म्हणाले, "झाल्या."

"मग असं करू. पुढल्या महिन्यात आम्ही गावाकडं निघतोय. वाट वाकडी करू जरा. तुम्हा दोघांना याच गाडीत तुमच्या दारात उतरवतो. डॉक्टरनं प्रवास नको म्हटलंय, पण हितं झोपून जायचं. आपलीच गाडी हाय."

कीर्ती म्हणाली, "काकू, मला भाकरी शिकवा त्या ओट्यावर. माझी जळते."

हे खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "रंग चालू आहे खोल्यांचा. झाला की कळवतो."

सही झाली. परत सोडताना सुभेदारांनी विचारलं, "रंग कोणता देताय?"

"पांढरा," हे म्हणाले.

त्यानंतर त्यांचा दोनदा फोन आला. मी घेतला. पहिल्यांदा म्हणाले, आम्ही निघतोय, कधी यायचं घ्यायला? मी सांगितलं, रंग व्हायचाय. दुसऱ्यांदा फोन आला तो फेब्रुवारीच्या मध्यावर. तेव्हा खरं सांगितलं, सगळं. पलीकडे त्यांनी फोन कीर्तीकडे दिला.

उत्तम देवराम तायडे, रेल्वेचे निवृत्त पॉइंट्समन, दिनांक अकरा फेब्रुवारी दोन हजार पंचवीस रोजी सकाळी, जयपूरला, सोडाल्यातल्या भाड्याच्या खोलीत वारले.